रेड वाईन चाखायची कशी, पारखायची कशी: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आम्ही काही मंडळी चाखणीच्या बैठका घेतो. बैठक झाली की दुसऱ्या दिवसापासून फोनवर प्रश्न सुरू होतात, आणि त्यातले बरेचसे तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. मिरी-मसाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाकडे वासांची ओळख भरपूर असते, आणि वाईन पारखायला तीच लागते, असं माझं ठाम मत आहे.

१. पिणं आणि चाखणं यात फरक काय? ग्लास गरागरा फिरवतात ते खरंच गरजेचं आहे का?

पिताना लक्ष गप्पांत असतं. चाखताना पाच-सात मिनिटं ते फक्त ग्लासात ठेवायचं. आधी रंग बघा. मग ग्लास न हलवता एकदा वास घ्या, कारण हलके वास आणि काही दोष तेव्हाच कळतात. त्यानंतर ग्लासाचं बूड टेबलावर टेकवूनच फिरवा आणि पुन्हा वास घ्या. फिरवल्याने वाईन हवेला जास्त लागते आणि सुगंधी द्रव्यं उडून वर येतात, म्हणून ते गरजेचं आहे.

मग छोटा घोट. तो लगेच गिळू नका, जिभेवर, गालांत, हिरड्यांवर घोळवा. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशाच्या मागच्या बाजूने नाकात जाणारा वास असतो. खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. आंबट आणि तुरट तेवढं जाणवेल, फळाची चव गायब. चिमटी सोडली की फळ परत येतं. नवीन माणसाला मी पहिल्यांदा हेच करायला लावतो.

२. ग्लास कोणता घ्यावा? घरात स्टीलचे पेले आणि चहाचे ग्लास आहेत.

पातळ, पारदर्शक काचेचा, दांडीचा, पोटात फुगीर आणि तोंडाशी निमुळता ग्लास हवा. निमुळत्या तोंडामुळे वास आत साठून राहतो. चाखणीच्या प्रमाणित ग्लासाचा नमुना १९७७ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने ठरवला. तो साधारण २१५ मिलीचा असतो आणि त्यात फक्त ५० मिली वाईन ओततात. पाऊण ग्लास भरला की फिरवायला जागाच उरत नाही. ग्लास धुतल्यावर साबणाचा वास राहिला नाही ना, हे कोरड्या ग्लासात नाक घालून आधी बघा. फडताळात उपडा ठेवलेला ग्लासही लाकडाचा वास धरतो.

३. रेड वाईन फ्रीजमध्ये ठेवायची नाही, रूम टेम्परेचरला प्यायची, असं सगळे सांगतात. मग आमच्याकडे ती जळजळीत का लागते?

कारण तो सल्ला युरोपातल्या जुन्या, थंड घरांसाठी होता. कोल्हापुरात एप्रिलमध्ये पारा ३८ ला टेकतो आणि संध्याकाळीही खोलीत तीस-बत्तीस अंश असतात. एवढ्या उष्ण वाईनमधून अल्कोहोल आधी उडतं, नाकाला झोंबतं आणि फळाचा वास झाकून टाकतं. भरदार रेडसाठी १६ ते १८ अंश हवेत, हलक्या रेडसाठी १३ ते १५. उलट ती फ्रीजमधून थेट, चार-पाच अंशांना घेतली तर वास बंद होतो आणि तुरटपणा कडवट वाटायला लागतो.

अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा, हे पुस्तकी प्रमाण आपल्या उन्हाळ्यात पुरत नाही. बत्तीस अंशांची बाटली सतरावर यायला फ्रीजमध्ये दीड तास तरी लागतो. थंडीच्या दिवसांत पाऊण तास पुरतो. घाई असेल तर बादलीत बर्फ आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवा, दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर थंड करतं, कारण ते काचेला सगळीकडून लागतं. पंधरा-सोळा अंशांवर ओता, ग्लासात ती आपोआप चढते.

आमच्याकडे ‘ही वाईन कडक आहे’ म्हणून ज्या बाटल्यांची तक्रार येते, त्यातल्या बऱ्याच फक्त गरम असतात. खालचं कुठलंही उत्तर वापरण्याआधी तापमान तपासा.

४. रंगावरून काय कळतं? आणि ग्लासाच्या आतून ओघळ उतरतात ते चांगल्या वाईनचं लक्षण का?

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा आणि मधला रंग नव्हे, कडेचा बघा. कड जांभळट असेल तर वाईन तरुण आहे. माणकासारखी लाल असेल तर थोडी मुरलेली, विटकरी किंवा तपकिरी झाली असेल तर वय झालेली. रेड वाईनचा रंग वयाबरोबर फिका होत जातो. दोन वर्षांच्या वाईनची कड विटकरी दिसली तर ती उष्णतेत राहिली असावी असा संशय घ्या (प्रश्न ८).

गडदपणा म्हणजे दर्जा नव्हे. शिराझ आणि पिनो न्वार या द्राक्षांच्या दोन जाती. शिराझची वाईन काळीभोर दिसते, पिनो न्वारमधून पलीकडची अक्षरं वाचता येतात, आणि दोन्ही उत्तम असू शकतात. ओघळांचंही तसंच. ते अल्कोहोलमुळे होतात, साखर असेल तर आणखी दाटसर दिसतात. वाईन साधारण किती जोरकस आहे एवढंच त्यावरून कळतं.

५. लोक ब्लॅककरंट, सीडर, व्हायोलेट म्हणतात. मी ते कधी पाहिलेलंच नाही, मग मला वास कसा ओळखू येणार?

ओळखीच्या वासांपासून सुरुवात करा. आपल्याकडे त्यांची कमी नाही.

काळ्या फळांसाठी मे महिन्यातली पन्हाळ्याच्या वाटेवरची करवंदं आणि जूनमधलं जांभूळ घ्या. करवंद पिकलेलं आहे की अर्धकच्चं, हाही फरक करा, कारण वाईनमध्ये तो थेट दिसतो. मसाल्यांसाठी घरचा डबा उघडा: मिरी, लवंग, दालचिनी, जायपत्री. लवंगेचा आणि व्हॅनिलाचा वास बहुतेक वेळा ओक लाकडाच्या पिंपातून आलेला असतो, द्राक्षातून नाही. दगडफूल नुसतं हातात चुरून हुंगा. मुरलेल्या रेडमध्ये जो मातकट, रानातल्या ओल्या पाल्यासारखा वास येतो त्याच्या ते फार जवळ आहे. तंबाखूसाठी निपाणीचा बाजार आठवा. चामड्यासाठी चप्पल लाईनमधून सकाळी, दुकानं उघडताना चालत जा. नव्या कापशी चपलेचा वास आणि वर्षभर वापरलेल्या चपलेचा वास वेगळा असतो आणि वाईनमध्ये दोन्ही भेटतात (त्यातला एक कधी दोष ठरतो, प्रश्न ८ पाहा). ज्यांनी लहानपणी तालमीत लाल माती अंगाला लावली आहे, त्यांच्या नाकात तेल, ताक आणि हळद मिसळलेल्या मातीचा वास कायमचा बसलेला असतो. असा एक सदस्य आमच्या बैठकीत आहे आणि मातीचे वास ओळखण्यात त्याचा हात कोणी धरत नाही.

सराव असा करा: घरच्यांना चार-पाच मसाले वाट्यांत घालून, वर रुमाल झाकून समोर ठेवायला सांगा आणि डोळे मिटून ओळखा. मिरी-लवंगेवरही सुरुवातीला माणूस अडखळतो, कारण रोज आपण वास घेतो तो डब्यावरचं नाव वाचून.

नाव आठवलं नाही तर आधी कप्पा ठरवा. फळ आहे का? लाल की काळं? ताजं, शिजवलेलं की सुकवलेलं? मसाला आहे? लाकूड, धूर, माती? ‘काळं फळ, शिजवलेलं, थोडी लवंग’ एवढी नोंद पुरेशी आहे.

६. तोंड आवळलं जातं, जीभ कोरडी पडते. म्हणजे वाईन बिघडली का?

नाही. ते टॅनिन. द्राक्षाची साल, बिया, देठ आणि ओकचं पिंप यांतून ते वाईनमध्ये येतं आणि लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे तोंडातला बुळबुळीतपणा जाऊन कोरडेपणा येतो. सुपारी चघळल्यावर किंवा जांभूळ खाल्ल्यावर होतं तेच. रेड वाईनला त्यामुळेच अंग येतं.

पारखताना टॅनिन किती आहे यापेक्षा ते कसं आहे ते बघा. पिकलेलं टॅनिन मऊ असतं, जिभेवर सगळीकडे सारखं बसतं. कच्चं टॅनिन हिरड्यांवर खरखरतं आणि शेवटी कडू लागतं. आंबटपणा वेगळा: त्याने तोंडाला पाणी सुटतं, जिभेच्या कडा चुरचुरतात. अल्कोहोल घशात उब देतं. नवशिक्यांचा गोंधळ बहुतेक वेळा तुरट आणि आंबट यांत होतो. घोटानंतर तोंड कोरडं झालं की ओलं, हा एक प्रश्न स्वतःला विचारला तर तो सुटतो.

७. मग ‘ही चांगली वाईन आहे’ असं म्हणायचं कशावरून? गुण कसे द्यायचे?

मी चार गोष्टी बघतो. समतोल: आंबट, तुरट, अल्कोहोल, फळ यांतलं काही एकटं पुढे येऊन बोंबलत नाही ना. टिकाव: घोट गेल्यावर चांगली चव किती वेळ राहते. पाच सेकंदांत संपली तर साधी, पंधरा-वीस सेकंद रेंगाळली तर दखल घ्या. ठळकपणा: वास शोधावा लागतो की स्वतःहून येतो. आणि पदर: दहा मिनिटांनी त्याच ग्लासात काही नवं सापडतं का. टिकाव मोजताना कडवटपणा किंवा अल्कोहोलची आग मोजू नका, फक्त सुखद चव मोजा.

चारांत समतोल मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारखान्यात पिंपाच्या वासाची भर घालून ठळकपणा आणता येतो, पण समतोल बागेत द्राक्ष नेमकं कधी तोडलं इथपासून ठरतो.

गुणांच्या पद्धती अनेक आहेत. ब्रिटनमधले काही परीक्षक २० पैकी देतात. अमेरिकेत वाईन समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी १०० पैकी गुण रूढ केले, त्यात सुरुवातच पन्नासपासून होते. सुरुवातीला गुण देऊच नका. तीन ओळी लिहा. नाशिकच्या एखाद्या तरुण शिराझवरची नोंद अशी दिसेल:

*गडद, कड जांभळी. जांभूळ, मिरी, फिरवल्यावर व्हॅनिला. आंबटपणा मध्यम, टॅनिन मऊ, घशात अल्कोहोल थोडं जास्त. टिकाव दहा सेकंद, शेवटी फक्त लाकूड उरतं. चांगली, उत्तम नाही.*

शेवटचं वाक्य ‘आवडली’ किंवा ‘नावडली’ असं लिहायचं नाही. ते खाली वेगळं लिहा.

८. बाटलीत दोष आहे हे कसं ओळखायचं? दुकानदार म्हणतो वाईन अशीच असते.

आपल्या भागात सर्वांत जास्त भेटणारा दोष म्हणजे उष्णतेने शिजलेली वाईन. बाटली उन्हाळ्यात ट्रकमध्ये किंवा दुकानाच्या काचेत तापली की ताज्या फळाचा वास जाऊन काकवी आणि मनुकांचा वास येतो आणि चव सपाट होते. बाहेरून खुणा बघा: बूच थोडं वर सरकलंय का, मानेवरचं वेष्टन फिरवायला जावं तर चिकटलंय का, खाली वाईन झिरपल्याचे डाग आहेत का. दुकानात उन्हात उभी केलेली बाटली कितीही नामांकित असली तरी मी घेत नाही.

दुसरा दोष बुचाचा. टीसीए नावाच्या द्रव्यामुळे ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटाचा वास येतो. तो इतका कमी प्रमाणातही लागतो की कधी कधी वास जाणवत नाही, फक्त फळ मेलेलं वाटतं. ग्लासात थांबून तो जात नाही. याच्या उलट सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास हा गंधकाचा असतो आणि बऱ्याचदा पाच-दहा मिनिटं फिरवल्यावर उडून जातो. नाही गेला तर तांब्याचा स्वच्छ तुकडा काही सेकंद ग्लासात ढवळा. वास कमी झाला तर निदान पक्कं. म्हणून पहिल्या हुंगण्यातच बाटली नापास करू नका.

सिरक्याचा किंवा नेलपॉलिशचा वास म्हणजे आंबण्याचा दोष. पुसट असेल तर वाईन उलट खुलते, ठसठशीत असेल तर बाद.

वादाचा मुद्दा ब्रेटचा. ब्रेटानोमायसिस हे यीस्ट घोड्याच्या तबेल्याचा, औषधी चिकटपट्टीचा, घामेजल्या चामड्याचा वास देतं. काही जुन्या घराण्यांच्या वाईनमध्ये तो थोडासा असतो आणि लोकांना आवडतो. माझी फूटपट्टी अशी: त्याच्यामागे फळ दिसत असेल तर चालेल, फळ झाकलं जात असेल तर दोष.

९. तळाशी गाळ आणि काचेसारखे खडे दिसले. भेसळ आहे का?

भेसळ नाही. खडे टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे असतात, गाळ रंग आणि टॅनिनचा. दोन्ही निरुपद्रवी. बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा आणि शेवटचे दोन बोटं ओतू नका.

१०. बाटली उघडून ‘श्वास घ्यायला’ ठेवायची का?

नुसतं बूच काढून ठेवण्याने फारसं काही होत नाही, मानेएवढीच जागा हवेला लागते. तरुण, तुरट वाईन काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा-एक तास ठेवली तर मोकळी होते. जुनी वाईन मात्र फक्त गाळ वेगळा करण्यापुरती ओता आणि लगेच चाखा, तिचा वास वीस मिनिटांतही उतरू शकतो.

११. जितकी जुनी तितकी चांगली ना? मुलाच्या बारशाची बाटली लग्नाला उघडायची आहे.

जगातली बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. मुरायला भरपूर टॅनिन, आंबटपणा आणि फळ तिन्ही लागतं, आणि बारा ते चौदा अंशांची स्थिर, अंधारी जागा. कोल्हापूरच्या फ्लॅटमधल्या माळ्यावर वीस वर्षं ठेवलेली बाटली लग्नात निराशाच करेल. वाईनचा फ्रीज नसेल तर भारतीय रेड चार-पाच वर्षांच्या आत उघडा. बुचाची बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. फिरकीचं झाकण स्वस्तपणाचं लक्षण मानू नका, त्याने बुचाचा दोष (प्रश्न ८) टळतो.

१२. तांबड्या रश्श्याबरोबर रेड वाईन चालते का?

पारखण्यासाठी नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या उष्णता-ग्राहकांना चेतवतं, अल्कोहोल त्यांनाच आणखी संवेदनशील करतं. त्यामुळे तिखट जास्त तिखट लागतं, आणि टॅनिन त्यावर खरखरतं. बैठकीत आम्ही चाखणी पूर्ण करतो, नोंदी लिहितो आणि मगच ताटं घेतो. चाखताना सोबत पाणी आणि साधा पाव. चीज, खारे शेंगदाणे नकोत, मीठ आणि चरबी तुरटपणा झाकतात आणि सामान्य वाईनही मऊ वाटते.

जेवणात प्यायची असेल तर सुक्क्या मटणाबरोबर छान जमते, कारण तिथे मांस, चरबी आणि मीठ टॅनिनला सांभाळून घेतात. कमी तुरट, चांगल्या आंबटपणाची, पंधरा अंशांवर गार केलेली निवडा. अकलूजला होणारी सांजोव्हेसे द्राक्षाची वाईन या कामाला मला नेहमी बरी वाटते. पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध आणि खसखस वाईनशी भांडत नाहीत. तांबड्याच्या वाटीला मात्र पाणीच बरं.

१३. सांगली-तासगावला एवढी द्राक्षं पिकतात, त्यांची भारी रेड वाईन का होत नाही?

ती खायची द्राक्षं आहेत. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश यांचे मणी मोठे, साल पातळ, बी नाही. रेडचा रंग आणि टॅनिन सालीत आणि बियांत असतं, त्यामुळे लहान मणी आणि जाड साल लागते: काबर्ने सोव्हिन्यो, शिराझ, तेंप्रानियो.

बागायतदारांना एक गोष्ट मात्र इथे घरचीच वाटेल. आपल्या हवेत वेल थंडीत झोपत नाही, म्हणून वाईनच्या बागांतही एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी अशा दोन छाटण्या होतात आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. युरोपात तीच सप्टेंबर-ऑक्टोबरला असते. पिकण्याच्या शेवटच्या आठवड्यांत आपल्याकडे ऊन वाढत जातं. साखर पटकन चढते, आंबटपणा उतरतो आणि बियांतलं टॅनिन कधी मागे कच्चंच राहतं. म्हणून भारतीय रेड पारखताना मी दोन जागा आधी तपासतो: मधल्या घोटात ताजेपणा आहे का, आणि शेवटी कडू खरखर आहे का. दोन्हींत पास झालेली बाटली कुठल्याही देशाच्या शेजारी ठेवायला मला संकोच वाटत नाही.

१४. महाग वाईन चांगलीच असणार ना?

नाव झाकून बघा. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये ब्रिटिश वाईन व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांना फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन नाव न सांगता चाखायला दिल्या. रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप १९७३. पुढे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या बोर्दोतल्या एका प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाईन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्या शब्दांत केलं. डोळे नाकाला ओढून नेतात ते असे.

घरी बाटल्यांना मानेपर्यंत वर्तमानपत्र गुंडाळा, क्रमांक लिहा आणि ओतणारा वेगळा ठेवा. आणखी कडक परीक्षा हवी तर तीन ग्लास: दोघांत एकच वाईन, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कुठली ते ओळखा. अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून चार-पाच वेळा करा. दुप्पट किमतीची बाटली जर सलग वेगळी ओळखता येत नसेल, तर जादा पैसे कशाचे हा प्रश्न रास्त आहे.

१५. थुंकायचं कशाला? पैसे दिलेत की.

सहा वाईन गिळल्या तर चौथीपासून पारख जाते. एक भांडं ठेवा, लाज वाटून घेऊ नका. महाराष्ट्रात वाईनसाठी वय २१ पूर्ण लागतं; मद्यपरवान्याचा नियम आधी तपासून घ्या. आणि थुंकलं तरी थोडं अल्कोहोल शरीरात जातंच, त्यामुळे गाडी दुसऱ्याकडे द्या.

१६. शिराझमध्ये सगळ्यांना मिरी येते, मला कधीच येत नाही. माझं नाक बाद आहे का?

मिरीच्या त्या वासामागे रोटुंडोन नावाचं द्रव्य आहे. खऱ्या मिरीतही तेच असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं, आणि त्यांच्या चाचणीतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांना ते भरपूर प्रमाणातही जाणवलं नाही. तुम्ही त्यांतले असाल. त्याने बाकीची पारख बिघडत नाही, फक्त मिरीबाबत शेजाऱ्याची नोंद ग्राह्य धरा. सर्दी, तंबाखू, गुटखा आणि नुकतंच खाल्लेलं पान यांनी मात्र सगळंच नाक आणि जीभ बोथट होते. अत्तर लावून आलेला माणूस अख्ख्या टेबलाचं नुकसान करतो.

१७. उरलेली बाटली किती दिवस टिकते?

बूच लावून फ्रीजमध्ये दोन ते चार दिवस. लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर आणखी. रोज थोडी चाखा: समतोल असलेली वाईन दुसऱ्या दिवशी बरेचदा आणखी चांगली लागते, ढिसाळ वाईन लगेच कोसळते. पारखण्याचा हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे.

१८. मी आणि माझ्या मेव्हण्याने एकाच बाटलीवर अगदी उलट मत दिलं. बरोबर कोण?

आधी दोघांच्या नोंदी समोरासमोर ठेवा. वासाच्या नावांत फरक असणारच, तुम्ही जांभूळ लिहिलं आणि त्यांनी करवंद, तर भांडण नाही. आवडीतही फरक चालतो. पण आंबटपणा, टॅनिन, अल्कोहोल आणि टिकाव यांवर दोघांचं साधारण जुळायला हवं. तिथेच मोठी तफावत असेल तर कारण शोधा. एकाचा ग्लास आधी ओतलेला आणि गरम झालेला होता का (प्रश्न ३), एकाने आधी काही तिखट किंवा गोड खाल्लं होतं का? गोड खाल्ल्यावर कुठलीही रेड आंबट आणि पातळ लागते. ती कारणं काढून, दोन्ही ग्लास एकाच वेळी ओतून, एकमेकांना न सांगता पुन्हा लिहा. तरीही जुळलं नाही तर एकाच दुकानातली, एकाच सालची दुसरी बाटली उघडून बघा. बुचाच्या वाईनमध्ये एक बाटली दुसरीसारखीच असेल याची हमी नसते.